लॉनसाठी बसून चालवायची मशीन: घ्यावी का, आणि घेतलीच तर कशी निवडावी?

गेल्या काही वर्षांत इंदूरच्या मराठी घरांमध्ये एक नवा प्रश्न शिरला आहे. सुदामानगरातलं किंवा लोकमान्यनगरातलं राहतं घर तसंच ठेवून कुणी खंडवा रोडला, कुणी सिमरोलकडे, कुणी महूच्या पुढे अर्धा-एक एकर घेऊन ठेवला. तिथे शनिवार-रविवारचं घर झालं, घरापुढे लॉन आलं. पहिले दोन-चार पाऊस पडले की ते लॉन आठवड्याला वीतभर वाढतं आणि माळीदादांचा फोन लागत नाही. अशा वेळी मोबाइलवर अमेरिकेतला कुणी गृहस्थ छोट्या ट्रॅक्टरवर आरामात बसून गवत कापताना दिसतो, आणि विचारणा सुरू होते: "ही मशीन आपल्याकडे मिळते का हो? किती हॉर्सपॉवरची घ्यावी?"

मिळते. विक्रेते तिला राइड-ऑन म्हणतात, आपणही तेच म्हणू. किंमत लाखांत जाते. पण हॉर्सपॉवर हा अगदी शेवटी विचारायचा प्रश्न आहे. माळव्यातल्या घरगुती लॉनवर ही मशीन चालून जेवढी झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते, आणि निवड करताना हेच कुणी लक्षात घेत नाही.

प्लॉट नको, लॉन मोजा

रजिस्ट्रीवर एक एकर असतो, म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यातून घर, गाड्यांची जागा, बोअरिंगची खोली, आंबा-चिकूची रांग आणि काकूंचे भाजीचे वाफे वजा करा. कापायचं गवत बरेचदा बारा-पंधरा हजार चौरस फुटांवर येतं. टेप घेऊन मोजा. अंदाज नेहमी वरच जातो.

आता वेळेचा हिशेब. मागे चालत ढकलायच्या साध्या मशीनची कापणी साधारण 21 इंच रुंद असते. माणूस तिच्यामागे ताशी साडेतीन किलोमीटरने चालला आणि पट्टे थोडे एकमेकांवर आले, तर तासाला सोळा हजार चौरस फुटांच्या आसपास कापून होतं. 42 इंची राइड-ऑन ताशी पाच किलोमीटरने चालवली तर त्याच तासात एकराच्या जवळपास उरकतं. म्हणजे दहा हजार फुटांच्या लॉनवर एकीला चाळीस मिनिटं लागतील, दुसरीला पंधरा. त्या पंधरात मशीन शेडमधून काढणं, कापून झाल्यावर खालून साफ करणं आणि परत लावणं धरा. वाचलेला वेळ तिथेच संपतो.

वीस हजार चौरस फुटांच्या आत असाल तर राइड-ऑनचा विचार सोडून द्या, असं मी स्पष्टच म्हणेन. इंजिनच्या जोरावर स्वतः पुढे सरकणारी, नुसती मागे चालायची मशीन घ्या. अर्ध्या एकरापासून एकरापर्यंतचा पट्टा तळ्यात-मळ्यात आहे. तिथे जमीन, फाटक आणि झाडं यांवर निर्णय ठरतो. मोकळं लॉनच एकराच्या वर असेल तर मात्र राइड-ऑन ही चैन राहत नाही.

वर्षात किती तास चालेल?

इंदूरला वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. गवत खरं वाढतं ते याच चार महिन्यांत. आपल्याकडच्या लॉनमध्ये बहुधा हरळी असते, इथे जिला सगळे दूब म्हणतात. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळणारं गवत त्याच कुळातलं. थंडी पडली की हरळी मंदावते, पिवळी पडते. एप्रिल-मे पाण्यावर अवलंबून. आपलं शहर पिण्यासाठीच सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचं पाणी उपसून आणतं. उन्हाळ्यात बोअरच्या भरवशावर एकरभर हिरवं ठेवणं फार थोड्यांना जमतं.

म्हणून पावसाळ्यात आठवड्याला एकदा आणि एरवी महिन्यातून एक-दोनदा कापलं, तर एकराच्या लॉनवर मशीन वर्षाला तीसेक तास चालेल. वर्षाचे 8,760 तास असतात. बाकीचे सगळे तास ती शेडमध्ये उभी. त्या काळात बॅटरी उतरते, पेट्रोल नासतं, उंदीर वायरिंग कुरतडतात, पात्यांवरच्या लोखंडी टोपाला गंज चढतो. तेव्हा विकत घेताना भिंतींची, छपराची, कुलपाची शेड हिशेबात धराच. ताडपत्रीखाली ठेवलेली राइड-ऑन दोन पावसाळ्यांत म्हातारी होते.

आत काय असतं

गवत कापण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक कात्रीची: फिरत्या रुळावरची पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून गवत कातरतात. इंग्लंडच्या एडविन बडिंगने 1830 मध्ये पेटंट घेतलेलं पहिलं लॉन-यंत्र याच तऱ्हेचं होतं, आणि त्याला ते सुचलं कापडगिरणीतल्या कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. मालवा मिल आणि हुकुमचंद मिल या कापडगिरण्यांच्या गावाला ही गोष्ट आवडायला हरकत नाही. दुसरी तऱ्हा विळ्याची: आडवं पातं गरगर फिरतं आणि वेगाच्या जोरावर गवत छाटतं. घरगुती राइड-ऑन जवळजवळ सगळ्या विळ्याच्या. त्यामुळे क्रिकेटच्या खेळपट्टीसारखी अगदी तासलेली, गालिच्यासारखी कापणी हवी असेल तर ही मशीन तुमची नव्हे. इंच-दीड इंच ठेवून नीटनेटकं लॉन हवं असेल तर चालेल.

पाती ज्या लोखंडी टोपाखाली फिरतात त्याला डेक म्हणतात. 42 इंच, 46 इंच हे आकडे त्याच्या रुंदीचे. चाकांपर्यंत ताकद पोचवायला बहुतेक चांगल्या मशीनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्यवस्था असते, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी. क्लच नाही, गिअर नाही. पेडल जितकं दाबाल तितका वेग. गिअरवाली थोडी स्वस्त पडते, पण झाडांभोवती सतत मागे-पुढे करायचं असेल तर हायड्रोस्टॅटिकच घ्या.

प्रकार घरासाठी तीनच लक्षात ठेवा. सीटमागे इंजिन असलेली छोटी, तिशीच्या आसपास इंच कापणारी. पुढे इंजिन आणि पोटाखाली डेक असलेला लॉन ट्रॅक्टर, ज्याचा खप सर्वांत जास्त. आणि झीरो-टर्न: स्टिअरिंगऐवजी दोन दांडे, मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र चाल, पुढची चाकं नुसती लोळणारी. एक चाक पुढे आणि एक मागे फिरवलं की मशीन जागच्या जागी गिरकी घेते. झाडं फार असतील तर झीरो-टर्नसारखी सोय नाही. उतारावर मात्र तीच धोक्याची, कारण मागच्या चाकांची पकड सुटली तर पुढची चाकं दिशा देऊ शकत नाहीत.

फाटक

42 इंची डेक म्हणजे 42 इंच रुंद मशीन नव्हे. गवत बाजूला फेकणारं प्लॅस्टिकचं तोंड धरून ती फूटभर जास्त भरते. मागच्या अंगणात जायची बोळ चार फुटांची असेल तर आधी ती मोजा, मग शोरूममध्ये जा. ते तोंड काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, पात्याखाली आलेला दगड अडवायला तेच असतं.

काळ्या मातीचं काय?

कंपन्यांची माहितीपत्रकं ज्या जमिनी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात, त्या आपल्या नसतात. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पावसात ती लोण्यासारखी मऊ. लॉन ट्रॅक्टरचं वजन दोनशे किलोच्या आसपास असतं, वर तुम्ही. ओल्या काळ्या मातीवर एक फेरी मारली तर चाकोऱ्या उमटतात, आणि ऑक्टोबरात त्या तशाच दगडासारख्या वाळतात. पुढच्या कापणीला डेक त्या उंचवट्यांवर आपटतं, पातं माती खातं, मध्येच गवत तासलं जाऊन टक्कल पडतं.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वाफसा आल्याशिवाय तो औत घालत नाही. लॉनलाही तोच नियम लावा: मूठभर माती दाबून गोळा चिकट होत असेल, बुटाला माती लागत असेल, तर मशीन बाहेर काढू नका.

"मग तर हलकी मशीनच बरी," असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. तीसेक किलोची ढकलायची मशीन एक-दोन दिवस आधी उतरवता येते. पण याच मातीमुळे मोठ्या लॉनवाल्याला राइड-ऑनची खरी गरज पडते. श्रावणात झड लागली की कापण्याजोगी जमीन आठवड्यात एखाददुसरा दिवसच मिळते. त्या मोजक्या तासांत एकरभर उरकायचं तर रुंद डेकच हवं. फुरसतीत कापायचं असतं तर अरुंद मशीनवरही भागलं असतं.

झडीनंतर गवत सहा-सात इंच वाढलेलं असतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त छाटू नये, नाहीतर हरळी खालून पिवळी पडते. डेक वर करून एकदा कापा, तीन-चार दिवसांनी खाली करून पुन्हा. म्हणून डेकची उंची सीटवरूनच, एका दांड्याने बदलता येते का, हे बघून घ्या.

टायर बघा. आपल्याला शेतकी ट्रॅक्टरचे खोल दातऱ्यांचे नकोत, लॉनसाठीचे रुंद, सपाट नक्षीचे हवेत. हवा कमी ठेवायची असते, बहुतेक मशीनमध्ये 10 ते 14 पीएसआय. पंक्चरवाला सवयीने मोटारसायकलइतकी भरतो. चाक टणक होतं आणि जमिनीत रुततं. लॉन अजून व्हायचंच असेल तर काळ्या मातीवर मुरूम आणि वर पिवळी किंवा लाल माती टाकून, पाण्याला उतार देऊन मगच गवत लावा. तो खर्च मशीनच्या आधीचा आहे.

घरचा छोटा ट्रॅक्टर आहे, त्याला स्लॅशर, म्हणजे गवत छाटणारं अवजार, लावला तर?

शेत असेल तर उत्तम. पडीक जागेत कंबरभर गाजरगवत माजलं असेल तर तिथे स्लॅशर किंवा खांद्यावरचा ब्रश कटरच हवा. राइड-ऑन त्यासाठी बनलेलीच नाही. लॉनवर मात्र शेतकी ट्रॅक्टर कितीही छोटा म्हटला तरी जड पडतो, आणि त्याचे दातरे टायर वळताना गवत मुळासकट उपटतात.

आता हॉर्सपॉवर

पातं फिरवायला आणि दोन-अडीचशे किलो ढकलायला किती ताकद लागते, याचा हिशेब कंपनीने डेकच्या रुंदीवरून केलेलाच असतो. 42 इंचाला साधारण सतरा ते वीस हॉर्सपॉवर पुरतात. या आकड्यावर फार विसंबू नका: अमेरिकेत लॉन मशीनची हॉर्सपॉवर फुगवून सांगितल्याबद्दल ग्राहकांनी उत्पादकांवर खटले भरले आणि 2010 मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून पुष्कळ कंपन्या इंजिनचे सीसी आणि टॉर्क छापतात. तुलना करायची तर त्यांचीच करा, आणि डेकचं लोखंड किती जाड आहे ते बोटाने ठोकून बघा. मला विचाराल तर जाड डेक हे दोन जादा हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचं.

ई-20 पेट्रोलची भानगड

ई-20 ने गाडीचं मायलेज घटतं का, यावरून सध्या घराघरांत जो वाद चालू आहे, तो लॉन मशीनच्या बाबतीत जास्त खरा आहे. ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. देशात दहा टक्क्यांचं उद्दिष्ट 2022 मध्ये गाठलं गेलं, वीस टक्क्यांची मुदत 2030 वरून 2025 वर आणली गेली, आणि आता पंपावर साधारण हेच मिळतं. बाहेरून येणाऱ्या लॉन मशीनची छोटी इंजिनं मात्र बहुतेक दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनलेली असतात. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं, पण ते पान कुणी उघडत नाही.

अडचण चालताना कमी येते, उभं राहताना जास्त. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनाभर पडून राहिली तर पाणी धरलेलं इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसू शकतं. त्याने कार्ब्युरेटरमधल्या धातूला गंज लागतो, रबरी नळ्या फुगतात, बारीक छिद्रं चिकट होऊन बुजतात. दिवाळीत साफसफाईला मशीन काढावी तर ती नुसती खोकते. गाडी रोज चालते, तिच्या टाकीतलं पेट्रोल आठवड्याला बदलतं. तिला हा त्रास फारसा होत नाही.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला एकच गोष्ट लेखी विचारा: हे इंजिन ई-20 ला चालतं का, आणि त्याने बिघाड झाला तर वॉरंटी लागू राहील का? "सगळे हेच टाकतात, भिया" हे उत्तर नव्हे. घेतल्यावर पेट्रोल लागेल तेवढंच आणा, कॅन भरून ठेवू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. बॅटरीची तार सोडवून ठेवा.

मग बॅटरीवरचीच का घेऊ नये?

ज्याच्याकडे एकरापर्यंत सपाट लॉन आणि शेडमध्ये भरवशाची वीज आहे, त्याने आधी हाच पर्याय बघावा असं मला वाटतं. कार्ब्युरेटर नाही, बेल्ट कमी, आवाज कमी. लिथियमची बॅटरी घ्या. लेड-ॲसिडची जड असते आणि न वापरता सोडली तर लवकर मरते. लिथियमही पूर्ण उतरलेली किंवा मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवू नये. खरी मेख नव्या बॅटरीच्या किमतीत आहे. मशीनचा भाव ठरवण्याआधी तिचा भाव विचारा, आणि ती भारतात साठ्यात असते की मागवावी लागते तेही.

उतार आणि माणसं

पंधरा अंशांपर्यंतचा उतार ही बहुतेक राइड-ऑनची कमाल मर्यादा. दहा फूट पुढे गेल्यावर सुमारे पावणेतीन फुटांची चढण, म्हणजे पंधरा अंश. लॉन ट्रॅक्टर उतारावर सरळ वर-खाली चालवायचा, आडवा नाही. हाताने ढकलायची मशीन याच्या उलट: तिच्यामागे आडवं चालायचं. शेततळ्याचा काठ आणि नाल्याची बाजू राइड-ऑनला वर्ज्य. तिथे ब्रश कटर वापरा.

पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकी मानकाप्रमाणे मिनिटाला 19,000 फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर. गिट्टीचा खडा त्यात सापडला तर गोफणीतून सुटावा तसा जातो. म्हणून आधी पायी एक चक्कर मारा: दगड, पाइपचे तुकडे, आणि पावसाळ्यात साप. नातवंडांना मांडीवर घेऊन चालवायचा मोह होतो. तो अजिबात नको. अशा अपघातांत मुलांचे पाय गेलेले आहेत. सीटवरून उठलं की इंजिन बंद पाडणारा स्विच असतो. चालवणारा बहुतेक वेळा माळी असतो, त्याला सारखं चढ-उतर करणं भाग पडतं, म्हणून तो स्विच वायर जोडून निकामी करण्याचे उद्योग होतात. चालवून दाखवायला विक्रेत्याचा माणूस येईल तेव्हा माळीदादांना शेजारी उभं करा, त्यांनाच चालवू द्या. बूट तुम्ही घेऊन द्या.

कापलेलं गवत कुठे टाकायचं?

इंदूरकर कचऱ्याच्या बाबतीत हळवा आहे, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. मल्चिंगची सोय असलेल्या डेकमध्ये गवत पुन्हा पुन्हा बारीक होऊन मुळांशीच पडतं आणि खत होतं. नियमित कापत असाल तर मागे पिशवी लावायची गरज नाही. झडीनंतरच्या लांब, ओल्या गवताला मात्र मल्चिंग पेलत नाही, गोळे होतात. ते बाजूला फेकू द्या, वाळल्यावर गोळा करून खड्ड्यात टाका.

सर्व्हिस, आणि जुनी मशीन

पाती, बेल्ट, फिल्टर आणि पात्याच्या दांड्याचे बेअरिंग: एवढंच वारंवार लागतं. पहिल्या भेटीतच या चारांचे पार्ट नंबर आणि भाव मागा. इंदुरात उत्तर मिळालं नाही आणि "दिल्लीहून मागवू" असं ऐकू आलं, तर भर श्रावणात पंधरा दिवस मशीन उभी राहणार हे गृहीत धरा. इंजिन ऑइल तीस तासांच्या वापरालाही वर्षातून एकदा बदलायचंच.

रिसॉर्ट, क्लब, शाळा जुन्या राइड-ऑन विकायला काढतात. त्यांत चांगली वस्तू हाती लागू शकते. तासांचा मीटर बघा, पण डेकच्या आत हात घालून गंज जास्त बघा. इंजिन बंद करून, किल्ली काढून, पातं धरून वर-खाली हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं. मग वीस मिनिटं चालवून तेल तापू द्या आणि चढावर न्या. गार असताना जोमाने चढणारी मशीन तापल्यावर तिथेच रेंगाळू लागली, तर हायड्रोस्टॅटिक संपत आलं आहे. त्याची दुरुस्ती या मशीनच्या सर्वांत महाग कामांपैकी एक असते, तेव्हा विकणाऱ्याने भाव कितीही पाडला तरी ती घेऊ नका.